ॲल्युमिनियम खिडक्यांच्या बिलावर लेपाची जाडी लिहा

महोदय,

‘ॲल्युमिनियम गंजत नाही’ या समजुतीपोटी कोकण किनाऱ्यावरील अनेक घरांत लाकडी खिडक्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या खिडक्या आल्या. ही समजूत अर्धीच खरी आहे. हवा लागताच या धातूवर ऑक्साइडचा अवघा काही नॅनोमीटर जाडीचा थर तयार होतो आणि देशावरच्या कोरड्या हवेत तो बहुधा पुरतो. परंतु खाऱ्या वाऱ्याबरोबर येणारे क्लोराइड हा थर जागोजागी भेदते, तेथे बारीक खळगे पडतात आणि कालांतराने चौकटीवर पांढरी भुकटी दिसू लागते. पावसाने धुतल्या जाणाऱ्या बाजूपेक्षा वळचणीखालच्या, मीठ साचून राहणाऱ्या बाजूला हा त्रास अधिक होतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येते.

म्हणूनच किनाऱ्यावर खरा भरवसा लेपावर असतो. ॲनोडायझिंग या लेपाच्या एका प्रकारात धातू सल्फ्युरिक आम्लाच्या टाकीत ठेवून वीज सोडतात आणि त्याच्याच पृष्ठभागातून ऑक्साइडचा जाड थर वाढवतात. हा थर सच्छिद्र असतो. ती छिद्रे शेवटी गरम पाण्याच्या किंवा अन्य प्रक्रियेने नीट बंद केली नाहीत, तर मेहनत बरीचशी वाया जाते. आयएस १८६८ या भारतीय मानकात या लेपाचे वर्ग मायक्रॉनमधील (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीवरूनच ठरवले आहेत. पावडर कोटिंगचा, म्हणजे भुकटीरूप रंग भट्टीत भाजून बसवलेला, थर याहून जाड असला, तरी त्याची पकड खालच्या धातूच्या सफाईवर आणि रासायनिक पूर्वप्रक्रियेवर अवलंबून असते. ती टाळलेली असेल, तर कापलेल्या कडेपासून किंवा स्क्रूच्या भोकापासून गंज रंगाखाली दोऱ्यासारखा पसरत जातो. त्यात लोखंडी स्क्रू वापरले, तर दोन धातू आणि खारे पाणी यांच्या संयोगाने झीज आणखी वेगाने होते.

असे असूनही फॅब्रिकेटरच्या कोटेशनमध्ये सेक्शन, काच आणि रंग यांचा तपशील असतो, लेपाच्या जाडीचा मात्र बहुतेक वेळा उल्लेखही नसतो. रंग डोळ्यांना दिसतो, मायक्रॉन दिसत नाहीत. त्यामुळे काटकसर नेमकी तेथेच होते आणि आयुष्याची पुंजी घालून घर बांधणाऱ्याला ती कळते तेव्हा चौकटी बदलण्यावाचून मार्ग उरलेला नसतो. वास्तविक धातूला धक्का न लावता ही जाडी हातात मावणाऱ्या यंत्राने काही क्षणांत मोजता येते.

तेव्हा ग्राहकांनी लेपाचा प्रकार, किमान जाडी आणि पूर्वप्रक्रिया बिलावर लिहून मागावी. किनारी जिल्ह्यांतील शाळा, आरोग्य केंद्रे आणि मच्छीमार सोसायट्यांच्या इमारतींसाठी निविदा काढणाऱ्या यंत्रणांनीही ही अट घालावी आणि माल उतरवून घेताना जाडी मोजल्याशिवाय देयक मंजूर करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, रत्नागिरी