इमारत नको, चालती कार्यशाळा द्या: उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य

विषय: मराठवाड्यात सूक्ष्मवाहिनी तंत्राची सामायिक कार्यशाळा सुरू करण्याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन जवळ आला की विभागासाठी काय काय हवे याच्या याद्या निघतात, आणि त्यात एखादे नॅनोतंत्रज्ञान केंद्रही असते. आमची मागणी त्याहून बरीच लहान आहे. पाण्याच्या आणि रक्त-लघवीच्या तपासणीसाठी तळहातावर मावतील अशी साधने तयार करणारी एक कार्यशाळा मराठवाड्यात हवी. जागा 1,500 चौरस फुटांची, तीही एखाद्या चालू संस्थेच्या आवारात. चार तंत्रज्ञ, आणि पाच वर्षांचा चालू खर्च आधीच बाजूला काढून ठेवलेला. एवढेच का मागतो आणि यातले काहीही वगळले तर काय होते, ते या पत्रात मांडत आहोत.

सूक्ष्मवाहिनी म्हणजे केसाएवढ्या रुंदीची नळी. काच, प्लास्टिक, रबर किंवा कागद यांत ती कोरता किंवा छापता येते. 100 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंदीच्या वाहिनीत पाणी घुसळत नाही, एकमेकांशेजारून थरांनी वाहते. दोन द्रावणे मिसळतात ती फक्त रेणूंच्या पसरण्याने. 100 मायक्रॉन पसरायला लहान रेणूला सुमारे 5 सेकंद लागतात, 10 मायक्रॉनला त्याचा शंभरावा भाग. म्हणून थेंबभर नमुन्यात मिनिटाभरात तपासणी होऊ शकते. तांबड्या पेशीचा व्यास 7 ते 8 मायक्रॉन असतो, त्यामुळे 5 मायक्रॉनच्या वाहिनीतून ती लवचीकपणे निसटते की अडकते, हे सूक्ष्मदर्शकाखाली थेट पाहता येते. किनवट-माहूरच्या आदिवासी पट्ट्यातील सिकलसेलच्या, म्हणजे तांबड्या पेशी ताठर होण्याच्या आजाराच्या, अभ्यासासाठी हे फार उपयोगाचे आहे. पण सुरुवात पाण्यापासून करावी, असे आमचे मत आहे.

2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. टंचाई डोळ्यांना दिसते, पाण्यात विरघळलेला आणि जास्त झाला तर दात-हाडे बिघडवणारा फ्लोराइड दिसत नाही. मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसॉल्टचा. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडे मात्र ग्रॅनाइटी खडक लागतो, आणि अशा खडकातून फ्लोराइड पाण्यात उतरतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500:2012 मध्ये, फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला 1.0 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5. जलजीवन मिशनमध्ये गावोगाव महिलांना फील्ड किटने पाणी तपासायला शिकवले गेले, ही चांगली गोष्ट झाली. अडचण आहे ती 1.0 आणि 1.5 यांच्या मधल्या पट्ट्यात. नळीतल्या रंगाची तक्त्याशी तुलना करताना डोळा तिथेच चुकतो, आणि हातपंपाला लाल रंग देऊन पाणी पिऊ नये अशी खूण करायची की नाही हा निर्णयही तिथेच अडतो.

कागदाची चाचणी इथे कामाला येते. गाळणकागदावर मेणाने गोल घर आखायचे. मेण कागदात आरपार उतरले की त्याची भिंत होते आणि थेंब घराबाहेर जात नाही. घरात झिर्कोनियम हा धातू आणि झायलेनॉल ऑरेंज हे रंगद्रव्य यांचे गुलाबी-लाल संयुग सुकवून ठेवायचे. पाण्यातला फ्लोराइड झिर्कोनियमला ओढून घेतो, रंगद्रव्य सुटते आणि आम्लात ते पिवळे दिसते. त्याच कागदावर 0.5, 1.0, 1.5 आणि 2.0 मिलिग्रॅमचे प्रमाण-ठिपके असले की मोबाइलने एकच फोटो काढून तुलना होते. प्रमाण-ठिपके चाचणीच्या चौकटीतच हवेत, कारण झाडाखालचा उजेड, ट्यूबलाइटचा उजेड आणि कॅमेऱ्याने आपोआप केलेली रंगदुरुस्ती हे तिन्ही पिवळ्या रंगाला वेगवेगळे फसवतात.

ही पद्धत शोधनिबंधात सरळ दिसते. गावच्या पाण्यावर ती कुठे मोडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. फ्लोराइड जास्त असलेल्या पाण्यात बहुधा कॅल्शियम कमी आणि बायकार्बोनेट भरपूर असते, कारण कॅल्शियम जास्त असेल तर फ्लोराइड त्याच्याबरोबर खाली बसतो. बायकार्बोनेट कागदावरचे आम्ल खाऊन टाकते. समजा, पाण्याची अल्कता, म्हणजे आम्ल संपवण्याची ताकद, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. 20 मायक्रोलिटरचा एक थेंब तेवढ्यातच 0.2 मायक्रोमोल आम्ल संपवतो. घरात आम्ल त्याहून कमी असेल तर सामू (पीएच) 6 च्या वर चढतो, आणि तिथे झायलेनॉल ऑरेंज स्वतःच लाल-जांभळे होते. म्हणजे फ्लोराइड भरपूर असूनही ठिपका लाल दिसतो आणि पाणी चांगले असल्याचा निर्वाळा मिळतो. पाणी तपासणीत याहून वाईट चूक नाही.

मग आम्ल वाढवावे म्हटले, तर हायड्रोक्लोरिक आम्ल सुकताना उडून जाते, सल्फ्युरिक आम्ल कागद काळा करते, सायट्रिक आम्ल झिर्कोनियमलाच धरून बसते. एक वाट अशी की आम्ल कागदावर सुकवायचेच नाही. ड्रॉपरच्या बाटलीतून वापराच्या वेळी एक थेंब घालायचा. त्यात एक पायरी वाढते, बाटली गळण्याची भीती वाढते, पण खोटा निर्वाळा टळतो. यातले काय निवडायचे हे बाहेरून आणलेल्या किटच्या पत्रकात सापडणार नाही. देगलूर, किनवट, माजलगाव, भोकरदन अशा वेगवेगळ्या ठिकाणचे पाणी टेबलावर ठेवून, त्याच नमुन्याचे आयन-निवडक इलेक्ट्रोडवर, म्हणजे फक्त फ्लोराइड मोजणाऱ्या उपकरणावर, मापन करून, दोन्ही आकडे शेजारी लिहूनच ते ठरते.

सोन्याच्या नॅनोकणांवर आधारलेल्या चाचण्यांचेही तेच. सायट्रेटने स्थिर केलेले 15 नॅनोमीटरचे कण लाल दिसतात, एकत्र गोळा झाले की निळे. पाण्यातला ठरावीक घातक धातू त्यांना गोळा करतो, हे चाचणीचे तत्त्व. पण आपल्या बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमही त्यांना गोळा करतात. लिटरला 600 मिलिग्रॅम कठीणपणा म्हणजे 6 मिलिमोल; एवढ्याने साधे सायट्रेटवाले द्रावण तो घातक धातू नसतानाही निळे पडते. शुद्ध पाण्यात उत्तम चाललेली पद्धत इथे पहिल्याच हातपंपाशी हरते.

आणखी एक गोष्ट इथल्या उन्हाची. साधे पॅराफिन मेण 55-60 अंशांच्या आसपास वितळते. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत किंवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवलेल्या कागदावरची मेणाची भिंत मऊ होऊन पसरते आणि घर लहान होते. कार्नोबा मेण 82 अंशांच्या पुढे वितळते, म्हणून मिश्रणात ते हवेच. कोरड्या हवेत थेंब रंग भरण्याआधीच सुकतो. त्यावर उपाय सोपा आहे, कागदाच्या दोन्ही बाजूंना पारदर्शक टेप आणि वरच्या टेपला पंचाने पाडलेले 3 मिलिमीटरचे भोक.

मेण छापणारे घन शाईचे प्रिंटर या क्षेत्रात वर्षानुवर्षे वापरले गेले, पण त्यांचे उत्पादन थांबले आहे. त्यामुळे कोणी आपल्याकडे तसा प्रिंटर खरेदीच्या यादीत घातला तर कृपया तो काढून टाकावा. लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे असते ती स्क्रीन, रबरी स्क्वीजी आणि 100 अंशांची हॉटप्लेट एवढ्यावर तेच काम होते. मेण सर्व बाजूंनी पसरत असल्याने वाहिनीची रुंदी 1 मिलिमीटरच्या खाली आणण्याचा अट्टहास करू नये, आणि हॉटप्लेटचे तापमान कडेला व मध्यभागी सारखे आहे का हे आधी तपासावे. कडेला पाच-सात अंश कमी असले तर मेण अर्धवट उतरते आणि भिंत खालच्या बाजूने गळते. बीड किंवा परभणीतला छपाईवाला महिन्याभरात हे काम शिकू शकतो.

रबरी चिपची, म्हणजे रबरात वाहिन्या उमटवलेल्या तुकड्याची, गोष्ट वेगळी. तिला खोली लागते. सिलिकॉनच्या चकतीवर एसयू-8 हा फोटोरेझिस्ट (प्रकाश पडलेल्या जागी घट्ट होणारा द्रव) ओतून चकती मिनिटाला 3,000 फेऱ्यांनी 30 सेकंद फिरवायची, म्हणजे 2050 या प्रकाराचा सुमारे 50 मायक्रॉनचा थर बसतो. मग 65 आणि 95 अंशांवर भाजणे, वाहिन्यांची नक्षी असलेल्या मास्कमधून अतिनील प्रकाश, पुन्हा भाजणे, विकासक द्रावणात (डेव्हलपरमध्ये) धुणे. हा झाला साचा. त्यावर पीडीएमएस हे सिलिकोन रबर ओततात: 10 भाग मूळ द्रव, 1 भाग घट्ट करणारा, 100 मिलिमीटरच्या पेट्री डिशला 30 ग्रॅमला 3 ग्रॅम पुरतात. अर्धा-पाऊण तास व्हॅक्युममध्ये बुडबुडे काढायचे, 80 अंशांवर एक तास ठेवायचे, सोलून ऑक्सिजन प्लाझ्मात (विद्युतभारित वायूत) ठेवायचे आणि मिनिटभराच्या आत काचेला चिकटवायचे.

प्रत्येक पायरीला आपल्याकडची अडचण ठरलेली आहे. 95 अंशांवर भाजताना वीज गेली की थर एकदम थंड होतो, त्याला तडे जातात. म्हणून यूपीएस संगणकाला नव्हे, हॉटप्लेटला आणि व्हॅक्युम पंपाला हवा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत रबरावर स्थिर विद्युत साचते, काळ्या मातीची बारीक धूळ त्यावर बसते, आणि तिथेच चिप सुटून गळते. चिकटवण्याआधी साध्या सेलोटेपने पृष्ठभाग उचलून घेतला तर बरीच धूळ जाते, पण खोलीला हवेतली बारीक धूळ अडवणारी हेपा गाळणी आणि आत शिरण्याआधीचा छोटा कक्ष हवाच. दर-करारात लेटेक्सचे हातमोजे येतात; त्यांतले गंधक रबर घट्ट करणाऱ्या प्लॅटिनमला निकामी करते आणि चिप वरून चिकटच राहते. विद्यार्थी दोन-दोन महिने प्रमाणात चूक शोधत बसतात, चूक हातमोज्यांत असते. नायट्राइल किंवा व्हिनाइलचे मोजे लिहून मागवावेत.

आता खरेदीविषयी, कारण मूळ दुखणे तिथे आहे. फोटोरेझिस्ट 4 ते 21 अंशांत ठेवावा लागतो आणि बनल्यापासून वर्षभराच्या थोडा पुढे टिकतो. सर्वांत कमी दराच्या निविदेत तो निम्मे आयुष्य संपवून, भर उन्हाळ्यात साध्या मालमोटारीने येतो. निविदेत तीन अटी घालाव्यात: पुरवठ्याच्या दिवशी किमान नऊ महिने मुदत शिल्लक, थंड वाहतूक, आणि एका वेळी एकच बाटली. यंत्रांच्या बाबतीत, दर 100 रुपयांपैकी 60 पेक्षा जास्त यंत्रांवर खर्च करू नयेत असे आम्ही सुचवतो. उरलेले देखभाल, गाळण्या, रसायने आणि पगारासाठी पहिल्याच आदेशात बांधून ठेवावेत. उद्घाटन झाले आणि गाळणी बदलायला पैसे नाहीत, म्हणून कुलूप लागले, असे व्हायला नको.

तंत्रज्ञ अकरा महिन्यांच्या करारावर नकोत. चकती फिरवणाऱ्या स्पिन कोटरवर थर सारखा बसवायला हात तयार व्हावा लागतो, आणि तो तयार होतो तेव्हाच करार संपतो. चार जागा नियमित वेतनश्रेणीत निर्माण कराव्यात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र किंवा इन्स्ट्रुमेंटेशनची पदविका-पदवी पुरे, पीएच.डी. मागू नये.

इलेक्ट्रॉन बीम, खोल कोरण्याची यंत्रे असल्या महागड्या गोष्टी इथे आणण्याची गरज नाही. त्या पवईला आयआयटीत आणि बंगळूरला भारतीय विज्ञान संस्थेत आहेत, आणि आयएनयूपी या केंद्राच्या नॅनोइलेक्ट्रॉनिक्स वापरकर्ता कार्यक्रमातून बाहेरच्या संशोधकांना वापरायला मिळतात. आपल्या विद्यार्थ्यांना तिथवर जाण्या-येण्याचा आणि राहण्याचा खर्च मिळाला तर वर्षातून दोन-तीन फेऱ्यांत साचे करून आणता येतील.

इथे जे आहे ते मात्र वापरात आणावे. रबरी चिप संशोधनाला छान, पण एकेक ओतून हजारो करता येत नाहीत. हजारोंसाठी वितळलेले प्लास्टिक दाबाने भरण्याचा इंजेक्शन साचा लागतो. साचे बनवणे हे छत्रपती संभाजीनगरचे जुने कसब आहे. साचे-अवजारे बनवणारी आणि ते शिकवणारी इंडो-जर्मन टूल रूम तिथे आहे, वाळूज-चिकलठाण्यात साचेकारांची दुकाने आहेत, 200 मायक्रॉनच्या कटरने पोलाद किंवा ॲक्रिलिक कोरणारी माणसे तयार होऊ शकतात. जालन्यात रसायन तंत्रज्ञान संस्थेचे आवार आहे, विद्यापीठे छत्रपती संभाजीनगर, नांदेड आणि परभणीत आहेत. कार्यशाळा यांपैकी एकाच्या आवारात असावी, पण तिचे आरक्षण सगळ्यांना सारखे खुले असावे; आठवड्यातले दोन दिवस आवाराबाहेरच्या महाविद्यालयांसाठी, आणि जिल्हा पाणी प्रयोगशाळांचे काम त्याआधी. नोंदवही ऑनलाइन ठेवावी, म्हणजे कोणते यंत्र किती दिवस बंद होते ते कोणालाही पाहता येईल.

पहिल्या दोन वर्षांत कार्यशाळेकडून एकच गोष्ट मागावी: फ्लोराइडची कागदी पट्टी, जिचे निकाल आठही जिल्ह्यांतल्या नमुन्यांवर इलेक्ट्रोडशी ताडून पाहिलेले असतील, 1.0 ते 1.5 च्या पट्ट्यातली चूक किती हे आकड्यांत लिहिलेले असेल, आणि 45 अंशांत तीन महिने ठेवल्यावर ती कशी वागते हेही. नायट्रेट त्यानंतर, मग लघवीतला फ्लोराइड, मग रक्त.

नमुने दोनदा घ्यावे लागतील, मेमध्ये पाणी सर्वांत खोल असताना आणि ऑक्टोबरमध्ये पाऊस उतरल्यावर. मेचे नमुने हाती हवे असतील तर पॉलिथिनच्या बाटल्या, इलेक्ट्रोड आणि गाळणकागदाची खरेदी फेब्रुवारीपर्यंत आटोपायला हवी, म्हणजे शासन निर्णय डिसेंबरच्या आत निघायला हवा. निर्णयाच्या मसुद्यासाठी लागणारी यंत्रांची यादी, खोलीचा आराखडा आणि निविदेच्या अटी आम्ही तयार ठेवल्या आहेत. आपल्या कार्यालयाने वेळ दिली की त्या घेऊन येऊ.

आपले,
मराठवाड्यातील विश्लेषण रसायनशास्त्र आणि सूक्ष्म अभियांत्रिकीचे काही अध्यापक व तंत्रज्ञ