गाठ तुटली नाही, सुटली

रत्नागिरी,
कार्तिक वद्य अष्टमी

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या गणपतीतल्या पत्राला आणि दिवाळीच्या दोन फोनांना मी उत्तर दिले नाही, याचे कारण दाराच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभे आहे. "आठवडाभर ठेवतो" म्हणून घेतलेली तुझी बारा फुटी गळाची काठी अकरा वर्षे माझ्याकडे आहे, आणि तुझा आवाज ऐकला की मला ती आधी आठवते. माझी प्रकृती ठीक आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे.

पंचमीच्या पहाटे रत्नदुर्गाखाली किनाऱ्याच्या खडकांत, आपल्या खडपात, जे घडले, ते समजून घेणारा माणूस आता इथे उरलेला नाही. घरात सांगितले, तर "मग बाजारातून आणा" एवढेच उत्तर मिळाले. पुतण्याने मासा केवढा होता म्हणून विचारले आणि माझे हात किती पसरतात याकडे पाहत बसला.

तिथीच्या पाऊणपट हिशोबाने भरती पावणेचारला पूर्ण होणार होती, म्हणून मी दोनलाच जाऊन बसलो. आमिषाला अर्धी तारली होती, आणि कुर्ल्यांनी ती कोरून नेऊ नये म्हणून तिच्यावर शिवणाचा दोरा गुंडाळला होता. गळ-शिशाची मांडणी मात्र, आता सरसावून बस, तुझी होती.

वीस वर्षे मी सरकत्या शिशाच्या बाजूने भांडलो. शिसे दोऱ्यावर मोकळे, त्यापुढे मणी, मग स्विव्हेलची फिरती कडी आणि त्याच्यापुढे दोन वीत तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, व गळ, म्हणजे माशाने आमिष उचलले तरी त्याला वजन लागत नाही, हे माझे म्हणणे भाट्याच्या वाळूत आजही खरे आहे आणि तिथे मी ते सोडणार नाही. पण खडपात ते शिसे भेगेत जाऊन बसते आणि मागोमाग गळालाही तिथेच नेते. एका रात्रीत आपली सात शिसी गेली, तेव्हा तू वहीत "पाच तुझी, दोन माझी" असे लिहून ठेवले होतेस, आणि त्यावरून आपण परतीच्या वाटेवर मांडवीपर्यंत एकमेकांशी बोललो नव्हतो.

या वेळी मी शिसे सगळ्यात खाली लावले, गळ त्याच्या वर हातभर उंचीवर बाजूच्या फाट्यावर ठेवला, आणि शिशाला पाच किलोच्या ओढीला तुटणारा कच्चा तंगूस बांधला. "मरायचेच असेल तर शिशाने मरावे," हे तुझे वाक्य मी अंधारात मोठ्याने म्हटलेही. शिसे म्हणजे तरी काय, गॅरेजमधून आणलेले जुने स्पार्क प्लग. ते गेल्याचे कोणालाच दुःख नसते.

साडेतीनच्या सुमारास काठी वाकली. मासा सरळ खडकाच्या पोटात शिरायला निघाला, प्लग अडकला, आणि मी मनातल्या मनात तुझा उद्धार करणार तोच खालचा कच्चा तंगूस तुटून सगळे मोकळे झाले. मासा अजून गळाला होता. बाळ्या, इतक्या वर्षांत तुझी मांडणी मी पहिल्यांदाच काम करताना पाहिली. पाच-सहा मिनिटांनी बॅटरीच्या उजेडात त्याची तांबूस कूस दिसली. तांबोशी होती. केवढी होती ते लिहीत नाही, कारण पत्र पोचेपर्यंत ती आणखी वाढेल. तेवढ्यात दोरा सैल पडला.

टोक हातात घेऊन मी खडकावर बसलो. खडकाने घासून तुटले असते, तर ते खरखरीत लागले असते. दाताने कापले असते, तर स्वच्छ दिसले असते. माझे टोक पडवळाच्या तणाव्यासारखे वेटोळे झालेले होते. गाठ तुटली नव्हती, सुटली होती.

ती गाठ माझी होती, तीच जुनी क्लिंच, पाच वेढे घालून टोक मागच्या फासातून काढलेली. बारीक तंगुसाला ती उत्तम बसते. पण फाट्याला मी ०.६० मिलिमीटरचा जाड, आडमुठा तंगूस लावला होता, आणि त्यात वेढे एकमेकांना चिकटून बसतच नाहीत. पक्कड घेऊन सावकाश ओढावे लागते. मी हातानेच ओढली, तीही कोरडी. कोरड्या गाठीत घर्षणाने ऊन होऊन नायलॉन कमजोर होते, म्हणून आधी थुंकी लाव, हे तू मला शेकडो वेळा सांगितलेस, आणि मी दरवेळी "किळसवाणा आहेस" म्हणालो. वर, दिसायला नीटस व्हावे म्हणून उरलेले टोक अगदी मुळाशी कापले. चष्मा स्कूटरच्या डिकीत होता.

परवा दुपारी तुझी गाठ घालून पाहिली, तंगूस नेढ्यातून घेऊन गळाच्या दांडीवर सात वेढे देणारी. तिच्यात ओढ सरळ दांडीच्या रेषेत येते, हे मला बोटांना कळले. ओट्याच्या कडीला अडकवून मी सगळे वजन टाकून ओढले. कडी हलली, गाठ हलली नाही. कडीबद्दल घरात जे बोलणे झाले ते लिहीत नाही.

एवढ्यावर भागले असते तर पत्र लिहिले नसते. तो गळ स्टेनलेसचा होता. साधा काळा कार्बनचा असता, तर खाऱ्या पाण्यात गंजून कधीतरी गळून पडला असता, आणि यावरूनच तू माझा डबा एकदा समुद्रात फेकायला निघाला होतास. मी तेव्हा पैशांचा हिशोब सांगितला होता. आता तीन रात्री मला झोपताना ती तांबोशी दिसते, तोंडात चकचकीत गळ आणि त्यावर अर्धी तारली घेऊन फिरणारी. तुझ्यासारखा आत वळलेल्या टोकाचा गोल गळ लावला असता आणि हिसका न देता काठीलाच भार घेऊ दिला असता, तर निदान तो ओठाच्या कोपऱ्यात लागला आहे अशी खात्री तरी असती. मी नेहमीप्रमाणे हिसका दिला होता. कुठे लागला, कोण जाणे. हे हास्यास्पद आहे, हे मला कळते. मासा हाती आला असता तर त्याचे कालवणच झाले असते.

पुतण्याने एक दुमडती काठी मागवली आहे. तिच्यावर फेकायचे वजन २० ते ६० ग्रॅम छापलेले असताना तो १०० ग्रॅमचे शिसे लावून फेकायला निघाला होता, तेही बारीक विणलेल्या ब्रेडेड दोऱ्यावर, पुढे जाड तंगुसाचा लीडर न जोडता. मी त्याला तुझा हिशोब सांगितला, की दर २८ ग्रॅमला साडेचार किलो ताकदीचा लीडर, म्हणजे १०० ग्रॅमला सोळाचा, आणि लांबी काठीच्या दुप्पट. मग दोरा लीडरला जोडायची वेळ आली. तुझी ती सडपातळ एफजी गाठ मला कधीच जमली नाही, आणि माझी दुहेरी युनी काठीच्या वरच्या कडीत खट्‌कन अडकते. त्याला शिकवू तरी काय? खडपाला दहा फूट पुरेत की लाटांवर दोरा उचलायला बाराच हवी, हेही तो मला विचारतो, आणि बारा फुटी म्हणून त्याने पाहिलेली एकच काठी आहे.

वहिनींचा गुडघा बरा आहे ना? लेकीचे जर्मनीचे नक्की झाले का, ते कळव. पुण्यातले नवे घर पाहायला येतो म्हणालो होतो, येईन.

त्याआधी तू ये. मार्गशीर्ष शुद्ध अष्टमीला भांगाचे, कमी चढउताराचे पाणी आहे आणि भरती सहाला, म्हणजे चारला निघावे लागेल. चष्मा मी घेतो, गळ तू आण, काळे. काठी जाताना घेऊन जा.

तुझाच,
भाऊ

ता. क. सातवे शिसे माझे नव्हते. वहीत दुरुस्ती कर.