पोलिसी थरारपट आणि घरातली लेकरं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भ्रष्ट पोलिसांवरचा मारधाडीचा चित्रपट लागला की ‘घरच्यांना घेऊन जाण्यासारखा आहे का?’ अशी विचारणा हमखास होते. उत्तर बहुधा शिव्या किती, रक्त किती एवढ्यावरच मिळतं. त्याआधी सेन्सॉर बोर्डाच्या प्रमाणपत्राचा गट पाहावा. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर एकाच ‘यूए’च्या (लहानांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा, अशा गटाच्या) जागी यूए ७+, १३+ आणि १६+ असे तीन गट आले. ‘ए’ (फक्त प्रौढांसाठी) असेल तर प्रश्नच मिटला. अठराच्या आतल्याला आत सोडणं हा टॉकीजवाल्याचा गुन्हा, आईबाप सोबत असले तरी. (आपल्याकडे दारात वयाचा पुरावा किती ठिकाणी मागतात, ते सर्वांना ठाऊक आहे.) यूएचं तसं नाही. १६+ असलं तरी दहा वर्षांच्या पोराला कोणी अडवणार नाही, कारण तो आकडा पालकांसाठी निव्वळ सल्ला आहे. राखणदारी आपल्याच गळ्यात.

डब चित्रपटाला वेगळं प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे देगलूर-धर्माबादकडच्या पाहुण्यांनी मूळ तेलुगू पाहून ‘चालतंय की’ म्हटलं, तरी हिंदीचा गट स्वतः तपासावा. टीव्हीवर ‘ए’ चित्रपट दाखवता येत नाही, म्हणून काटछाट करून यूए घेतात. ओटीटीला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्रच लागत नाही. २०२१ च्या नियमांनुसार कंपनी स्वतःच गट ठरवते. ‘टीव्हीवर पाहिलाय, काही नाही त्यात’ म्हणून तोच चित्रपट मोबाइलवर लावला की फसगत होते ती इथे. १३+ आणि त्यापुढच्या गटांना पालकांसाठी लॉकची सोय देणं कंपनीला बंधनकारक आहे, पण पिन आपल्यालाच टाकावा लागतो. लेकराचं वेगळं प्रोफाइल करून भागत नाही. बापाचं प्रोफाइल उघडं राहिलं तर ते तिथूनच शिरतं, म्हणून पिन मोठ्यांच्या प्रोफाइललाही हवा.

आता हिंसेबद्दल. हप्ता न देणाऱ्याचा हात गुंड तोडतो, ते पाहून आठ वर्षांचं लेकरू घाबरतं, रात्री दिवा चालू ठेवा म्हणतं. इतक्या लहानांना नेऊच नये. पण मला जास्त घातक वाटतो तो दुसरा प्रसंग. प्रामाणिक फौजदार कोठडीचं दार लावतो, कॅमेऱ्यावर टोपी अडकवतो, कमरेचा पट्टा काढतो आणि थेटरात शिट्ट्या पडतात. तेरा-चौदाच्या पोराला तिथे भीती वाटत नाही, मजा वाटते. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून कोर्टात चालत नाही, हे त्याला कोण सांगणार? अटकेनंतर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करावंच लागतं. आणि ज्या कॅमेऱ्यावर टोपी पडली, तो प्रत्येक ठाण्यात बसवायचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये दिलेला आहे.

लाचखोर प्रत्यक्षात कसा सापडतो, ते या चित्रपटांत जवळपास येतच नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ वर तक्रार जाते, पंचांसमक्ष मागणीची पडताळणी होते, नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पूड लावतात. साहेबाने पैसे घेतले की त्याची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवायची. पाणी गुलाबी होतं, पंचनामा होतो. एकही गोळी न झाडता यावर दोन तासांचा थरारपट उभा राहू शकतो, पण त्यात नायकाला शर्ट फाडायला वाव नाही.

म्हणून माझं मत असं : तेराच्या आतल्यांना हे चित्रपट नकोत. नववी-दहावीच्या मुलांना १६+ दाखवायचाच असेल तर मोठ्यांपैकी कोणीतरी आधी पाहावा आणि घरी सोबत बसून दाखवावा, म्हणजे कोठडीच्या प्रसंगाला थांबवून बोलता येतं. टॉकीजमध्ये ती सोय नाही.

आपल्या पुरवणीत परीक्षणाखाली तारे असतात, गट नसतो. ‘यूए १६+, कोठडीतली मारहाण, शिव्या’ एवढे शब्द पुरेत. जाहिरातीत गट देणं तर नियमानेच बंधनकारक आहे, पण तो मुंगीएवढा छापतात. चष्मा न लावता वाचता येईल एवढा छापून घेणं आपल्या जाहिरात विभागाच्या हाती आहे.

आपला,
एक वाचक, नांदेड