पंख्याआधी वायर बघा

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, बाथरूमचा एक्झॉस्ट तुम्ही स्वतःच बदलणार, असं आईने सांगितलं. पंखा बसवणं चार स्क्रूंचं काम, ते तुम्ही माझ्याहून नेटकं कराल. माझा जीव अडकलाय तो भिंतीतून येणाऱ्या वायरींत.

आपलं वायरिंग घर बांधलं तेव्हाचं. लाल म्हणजे फेज, वीज आणणारी; काळी न्यूट्रल, परतीची; हिरवी अर्थिंग, हा तेव्हाचा रिवाज. पण नंतर आलेल्या प्रत्येक वायरमनने पिशवीत असेल तो रंग ओढला, त्यामुळे रंगावर जाऊ नका. जुन्या घरांत आणखी एक खोड सापडते. बटण फेजऐवजी न्यूट्रलवर टाकलेलं असतं. बटण बंद केलं की पंखा थांबतो, वायरीत मात्र २३० व्होल्ट तसेच. त्यात खाली ओली फरशी.

बरं, मेन पाडला म्हणजे सुटलो, असंही नाही. घरात इन्व्हर्टर आहे. बसवणाऱ्याने त्यावर कोणते पॉइंट घेतले, ते कुठे लिहून ठेवलंय? बाथरूमचा पॉइंट त्यात असेल, तर मेन पडताच इन्व्हर्टर आपणहून तीच लाइन चालू करणार. म्हणून क्रम असा ठेवा: टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून पेटतो का बघायचा, मग मेन बंद, मग इन्व्हर्टरही बंद, आणि त्यानंतर पंख्याच्या प्रत्येक वायरीला टेस्टर. आई, तू तेवढा वेळ मेनपाशी उभी राहा. 'लाइट का गेली' म्हणून शेजारचं कुणी येऊन खटका वर करायला नको!

जुना पंखा काढला की वायर आखूड निघेल, आणि वाफेने तिचं आवरण कडक झालेलं असेल. वाकवताना तडकलं तर थांबा. वर काळी टेप गुंडाळून ती भोकात ढकलायची नाही. वायर जंक्शन बॉक्सपासून नवी ओढायची आणि जोड कनेक्टरमध्ये, झाकणाच्या डबीत घ्यायचा. नव्या पंख्याला अर्थिंगची वायर नसेल, तरी भिंतीतली हिरवी कापू नका. टोक झाकून ठेवा, पुढे लागेल.

गीझरचा पॉइंट जवळ आहे म्हणून तिथून लाइन घ्यायचा मोह होईल. ते नको. गीझरचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, १६ किंवा २० अँपिअरचा. पंखा अडकून त्याची बारीक वायर तापली, तरी तो पडेलच असं नाही.

खरं सांगू का बाबा, वायर ओढायची वेळ आली तर लायसन्स असलेला वायरमनच बोलवा. पैशांचं मी बघते. तुम्ही खाली उभे राहून त्याच्यावर नजर ठेवा, ते तुम्हाला छान जमतं. तो आला की मला फोन लावून द्या. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की लाइन तोडणारा खटका, बसेल का, हेही त्याला विचारायचंय.

तुमची,
ताई