कमान वाचवणाऱ्या बाबांचे आणि दादांचे आभार

सातपुड्यातल्या त्या पाड्यावर आमची पाच फुटी बांबूची कमान, म्हणजे बाण मारायचं धनुष्य, मोडता मोडता वाचली. वाचवणारे एक वयस्कर बाबा आणि त्यांचा पुतण्या, म्हणजेच दादा. नावं विचारायची राहूनच गेली.

चूक आमचीच. मुठीच्या वर चार बोटांवर पोटाची, म्हणजे ओढणाऱ्याकडची, बाजू जास्त तासली गेली होती. ओढली की कमान तिथेच बिजागरीसारखी दुमडायची, पुढचा भाग मात्र काठीसारखा ताठ. आम्ही तिथेच पुन्हा कोयता लावणार, तोच बाबांनी हात धरला. ‘‘वाकतंय तिथं लावायचाच नाही. वाकत नाही तिथलं काढा.’’

पुतण्याला हळूहळू दोरी ओढायला लावून ते दहा पावलं लांब उभे राहिले. ताठ जागांवर कोळशाच्या खुणा केल्या आणि तेवढंच फुटक्या काचेनं खरवडलं. तेही पोटाकडून. पाठीच्या, म्हणजे बाहेरच्या बाजूच्या, सालीला हात नाही, कारण ताण तिच्यावर येतो. तिथला धागा तुटला की चीर पडते. प्रत्येक खरवडीनंतर वीस वेळा अर्धवट ओढायचं, तेव्हा कुठे नवा वाक दिसतो. दोन्ही बाजू सारख्या वाकल्या की मगच ओढ दोन इंचांनी वाढवायची. जोर थोडा कमी झाला, होणारच होता.

अंधार पडला तेव्हा दादांनी मोबाइलचा उजेड धरला. कमानीची सावली कुडाच्या भिंतीवर पडली आणि राहिलेला ताठपणा लगेच कळला. तासभर हात खाली घेतला नाही त्यांनी.

बाबा, दादा, मनापासून आभार. कोऱ्या चहाचेसुद्धा.