वॅट छापता, मग व्होल्ट पण छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतल्या होम थिएटरच्या जाहिराती बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय. सगळीकडे वॅट, ते पण बोटभर अक्षरात, आणि व्होल्ट कुठेच नाहीत. म्हणाल, आपल्याकडे २३० असतात हे काय छापायचं, तर ऐका.

ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानात (नाव नको) ७.१ चा एव्ही रिसीव्हर (होम थिएटरचे सगळे स्पीकर चालवणारा डबा) ९ हजाराला मिळाला, रिफर्बिश्ड म्हणजे वापरून दुरुस्त केलेला, नामांकित जपानी कंपनीचा, नवा घ्यायचा तर कितीतरी पट पैसे, म्हणून मी बिलबिल न मागता उचलला आणि रिक्षात मांडीवर घेऊन वर्तकनगरला आलो, दहा किलोचं धूड, पाय बधिर. बाबा एमएसईबीतून रिटायर झालेत, त्यांची सवय अशी की मिक्सर येवो नाहीतर टेबल फॅन, चष्मा लावून आधी मागची प्लेट वाचणार. मी प्लग घालणार तेवढ्यात ओरडले, "अरे थांब, १२० व्होल्ट ६० हर्ट्झ लिहिलंय, हा अमेरिकेचा पीस आहे!"

लावला असता तर जवळपास दुप्पट व्होल्टेज आत गेलं असतं, फ्यूज तरी उडाला असता नाहीतर ट्रान्सफॉर्मरच जळाला असता. आणि गंमत म्हणजे दुकानदाराने वायरला आपल्याकडचं अडॅप्टर लावून दिलेलं, म्हणजे पीस बाहेरचा आहे हे त्याला माहीत होतं ना? अडॅप्टर पिना बदलतो हो, व्होल्टेज नाही. परत घेऊन गेलो तर म्हणे, साहेब स्टेपडाऊन लावा, सगळे लावतात. म्हणजे व्होल्टेज उतरवणारा अजून एक जड लोखंडी ठोकळा, त्याचे पैसे वेगळे, वर त्याची गुणगुण. बरीच हुज्जत घातल्यावर ५०० रुपये कापून परत घेतला.

वॅटचं पण तसंच. पीएमपीओला, म्हणजे क्षणभराच्या कमाल वॅटला, ठरलेलं मापच नाही, कोणी २ हजार लिहितो कोणी ५ हजार. आरएमएसखाली (सतत मिळणारे वॅट) पण बारीक अक्षरात ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १०% टीएचडी (आवाजातली विकृती) असं काहीतरी असतं, म्हणजे आवाज फाटायला लागल्यावर मोजलेले वॅट. त्यापेक्षा ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल चालू ठेवून मोजलेले ५० वॅट कधीही खरे, आणि आमच्या १० बाय १२ च्या हॉलला तेवढे पण जास्तच, खालच्या काकू त्याआधीच बेल वाजवतील.

जुना पीस घेणाऱ्यांनी अजून एक विचारावं, एचडीसीपी २.२ (चित्राची कॉपी रोखणारं कुलूप) आहे का, नसेल तर त्यातून ४के बॉक्सचं ४के चित्र पुढे जात नाही. तेवढ्यासाठी सोडू नका पण, बॉक्स सरळ टीव्हीला लावा आणि टीव्हीतून ऑप्टिकल केबल रिसीव्हरला, टीव्ही सोडत असेल तर डॉल्बी डिजिटल ५.१ (सहा चॅनलचा आवाज) आरामात येतं.

विनंती एवढीच की जाहिरात घेताना वॅटशेजारी व्होल्ट छापून घ्या आणि माल इंपोर्टेड असेल तर इंपोर्टरचं नाव. पॅकबंद इंपोर्टेड मालावर ते छापणं २०११ च्या वैधमापन नियमांनुसार सक्तीचंच आहे. मी ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करणार होतो, पण बिलच नाही तर दाखवू काय?

काल त्याच दुकानावरून गेलो. रिसीव्हर परत काचेत ठेवलाय, अडॅप्टरसकट, आणि आता ११ हजार.

आपला,
एक वाचक, वर्तकनगर, ठाणे