लिओपोल्डला जायचंय, बाबा

ठाणे, १२ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबांना सा. न.

रोज फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं आई आत्ता म्हणतेय, मला इथे ऐकू येतंय. फोनवर बाबा "हं, हं" करतात आणि मला कळतं की अर्धं ऐकूच आलेलं नाही. आणि जे सांगायचंय ते फोनवर माझ्या तोंडून निघणार नाही. आई, तू मोठ्याने वाचून दाखवू नकोस. बाबांना चष्मा दे, त्यांचं त्यांना वाचू दे, मग तू वाच.

ठरलंय ते आधी सांगते. ७ डिसेंबरला, नेव्ही डेनंतरच्या रविवारी, दुपारी साडेबाराला तुमच्या नौदलातल्या जुन्या मंडळींचं जेवण आहे. कुलाब्याच्या लिओपोल्ड हॉटेलात. तुम्ही जाताय. मी कोल्हापूरच्या काकांना परवा होकार कळवला, आपल्या वाट्याचे पैसेही पाठवले. ६ तारखेची मांडवी एक्स्प्रेस आहे, थ्री एसी, दोन्ही बर्थ खालचे, कन्फर्म. तुम्हाला न विचारता केलं, मला माहीत आहे. विचारलं असतं तर तुम्ही "बघू" म्हणाला असता, आई "या वयात कशाला" म्हणाली असती, आणि मी पुन्हा गेल्या वर्षीसारखी वागले असते.

गेल्या वर्षीचंच सांगायचंय, बाबा.

वाईच्या काकांनी मला चार वेळा फोन केला होता. तुम्हाला नाही, मला, कारण तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही हे त्यांना ठाऊक होतं. "पोरी, त्याला आण गं, आता आम्ही सातच राहिलोय." तुमची अँजिओप्लास्टी होऊन सहा आठवडे झाले होते. मी म्हटलं, काका, बाबांनाच यायचं नाहीये, त्यांना दगदग नको वाटते. मी तुम्हाला विचारलंच नव्हतं. तुम्हाला मी एवढंच सांगितलं की या वेळी फारसं कोणी येत नाहीये. तुम्ही "बरं" म्हणालात आणि पेपर उघडलात. मे महिन्यात वाईच्या काकू फोनवर म्हणाल्या, "शेवटपर्यंत विचारायचे, तो का नाही आला, रागावला का माझ्यावर." तेव्हापासून ते माझ्या जिवाला लागून राहिलंय. मी काकूंना तिथल्या तिथे खरं सांगितलं. तुम्हाला सांगायला सहा महिने लागले.

डॉक्टरांनी तेव्हा प्रवास नको म्हटलंच होतं. मी काही मनातून काढलं नव्हतं. पण नाही म्हणायचं ते तुमचं तुम्हाला म्हणू द्यायला हवं होतं, आणि काकांशी फोनवर दोन शब्द बोलू द्यायला हवे होते. स्पीकर लावून, मी मध्ये बसून सांगितलं असतं तर ऐकू आलं असतं. रागावायचं असेल तर रागवा. पण या.

लहानपणी वाईचे काका आले की मला मांडीवर घेऊन तोंडाने बॉयलर चालवायचे, आठवतं? डोळे मिटून "श्शऽऽ" असा आवाज काढायचे, माझा अंगठा धरून गेजचा काटा करायचे, आणि मध्येच अंगठा खाली ओढून म्हणायचे, "गेलं बघ एक वर!" मला वाटायचं हा काहीतरी खेळ आहे. मी दहावीत गेल्यावर तुम्ही समजावून सांगितलंत की तुमच्या विक्रांत जहाजावर विमान उडवायला वाफेचा कॅटापुल्ट होता, आणि ती वाफ तुमच्याच बॉयलरमधून जायची. विमान सुटलं की खाली प्रेशर उतरायचं. वर सी हॉक विमानं कॉक्स बाजारकडे निघालीत हे तुम्हाला काट्यावरून कळायचं. ४ डिसेंबर १९७१ ला तुम्ही वीस वर्षांचे होतात, चारातला एक बॉयलर तडकलेला, उरलेल्या तिन्हींवर सगळा भार, आणि तुम्ही आणि काका दोघं काट्याकडे बघत काटा उतरल्याचे आकडे मोजत होतात. सगळं युद्ध तुम्ही लोखंडाच्या आत बसून केलंत. समुद्रसुद्धा दिसला नाही.

म्हणूनच विक्रांत म्युझियम असताना आपण बघायला गेलो तेव्हा सगळे डेकवर विमानांजवळ फोटो काढत होते आणि तुम्ही पायाखालच्या पत्र्याकडे बघत उभे होतात. मी विचारलं काय बघताय, तर बुटाने दोनदा ठक ठक केलंत आणि म्हणालात, "इथे खाली. इथे." मला तेव्हा कंटाळा आला होता, उन्हाने डोकं दुखत होतं. आज तो दिवस परत मिळाला तर मी तिथून हलणार नाही.

आता आई, तुझ्यासाठी.

तुला कुलाबा म्हटलं की २६ नोव्हेंबर आठवतो, मला माहीत आहे. त्या रात्री मी फोर्टच्या ऑफिसात अडकले होते आणि तू पहाटेपर्यंत देवापुढे बसून होतीस. लिओपोल्डच्या भिंतीवर गोळ्यांच्या खुणा त्यांनी तशाच ठेवल्यात, हे मी लपवत नाही. तुझी खुर्ची रस्त्याकडे तोंड करून ठेवायला सांगेन, तुला दिसणार नाहीत. आणि तो काही दारूचा अड्डा नाही गं. १८७१ पासूनचं इराण्याचं हॉटेल आहे. बिअर मिळते, हो, पण बायका, पोरं, टुरिस्ट, सगळे जेवायला येतात. बाबांची मंडळी लिबर्टी, म्हणजे जहाजावरून सुट्टी, मिळाली की तिथे जायची ती चहा आणि आम्लेटसाठी, खिशात त्याहून जास्त नसायचंच. तू यायचंस. एकटी घरी थांबणार नाहीस, हेही ठरलंय. त्यांचं बोलणं लांबलं तर आपण दोघी गेटवेपर्यंत चालत जाऊ, पाच-सात मिनिटांचं अंतर आहे, नाहीतर शेजारच्या टेबलावर बसू. काकूंपैकी दोघी येताहेत. वाईच्या काकूंनाही मी बोलावलंय. येईन म्हणाल्यात.

मी काय काय विचारून ठेवलंय तेही वाचा, म्हणजे रात्री दोघं जागून काळजी करणार नाही. बसायचं खालच्याच मजल्यावर, जिना चढायचा नाही. बाबांची खुर्ची कडेला, म्हणजे उठायला कोणाला सरकावं लागणार नाही. बाथरूम मी स्वतः गेल्या रविवारी जाऊन पाहून आले. ठाण्यापासून गाडी आपली, ड्रायव्हर रीगलपाशी न थांबता थेट दारात सोडेल, कारण कॉजवेच्या फुटपाथवर विक्रेत्यांच्या गर्दीतून काठी घेऊन चालायचं म्हणजे परीक्षाच. चिपळूणहून गाडीनेच न्यायचं माझ्या मनात होतं, पण त्या हायवेवर तुमच्या कमरेचे हाल मला बघवणार नाहीत. ट्रेनच बरी. ठाण्याला मी डब्यापाशी उभी असेन, तुम्ही सामान उचलायचं नाही. रात्री तुमच्यासाठी आतली खोली, तिथे पंखा आवाज करत नाही. आई, तुझी उशी आणू नकोस, मी तशीच पातळ उशी करून घेतलीय.

डॉक्टरांना विचारलंय. जा म्हणाले. बिअर नको म्हणाले, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे म्हणून. बाबा, मी खूप विचारलं, अर्धा ग्लास, दोन घोट, शास्त्रापुरतं, तर नाहीच म्हणाले. तुमच्यासाठी लाइम सोडा सांगू, उंच ग्लासात. कोल्हापूरचे काकाही लाइम सोडाच घेणारेत, त्यांना शुगर आहे. चिअर्स म्हणायला काही अडत नाही.

आता नीट ऐका. कानाचं यंत्र लावूनच निघायचं. ट्रंकेत ठेवून यायचं नाही. लिओपोल्डमध्ये गलका असतो, आणि तुमच्या सगळ्यांचेच कान बॉयलरने घेतलेले, सहा जण एकमेकांना "काय?" विचारत बसाल. आदल्या रात्री चार्ज करा. सकाळची गोळी आठला, रात्रीची माझ्यासमोर. मांडवीत कटलेट एकच, आईच्या प्लेटमधलं दुसरं नाही. स्वेटर घ्या, एसीत थंडी वाजते. कोणासाठी काजू-बिजू घेऊ नका, ओझं होतं. (आई, कोल्हापूरच्या काकांसाठी तुझ्या हातचं कोकमाचं आगळ मात्र छोट्या बाटलीत आण. त्यांनी दोनदा विचारलंय.)

आणि पांढरा शर्ट-पँट. आई, इस्त्री तूच कर. धोब्याकडे देऊ नकोस. बाबांच्या बेलबॉटमला तू आडव्या सात घड्या घालायचीस, कोळशाच्या इस्त्रीने, ओठ घट्ट मिटून, आणि मी मोजायचे. बाबा म्हणायचे, सात समुद्र आहेत, एक कमी झाला तर मी कुठे बुडेन सांगता येत नाही. एकदा मी मुद्दाम सहा मोजल्या आणि तू घाबरून पँट परत उघडलीस. आताच्या पँटला साधी इस्त्री पुरे, पण तू केलेली हवी.

एक गोष्ट शेवटी सांगणार होते, पण पोटात राहत नाही. २०२१ च्या पुरात तुमचा फोटो गेला ना, लिओपोल्डबाहेर फुटपाथवर अकरा जण उभे असलेला, १९७२ चा? चिखलातून काढून तुम्ही तो कढईत उन्हात वाळत घातला होतात आणि सगळे चेहरे पापुद्र्यासारखे सुटून आले. तुम्ही काही बोलला नाहीत. नुसते पापुद्रे गोळा करून डबीत ठेवलेत. त्याची दुसरी प्रत कोल्हापूरच्या काकांकडे आहे, तिला डागही पडलेला नाही. ते घेऊन येताहेत. मी तिथेच मोबाइलवर उतरवून घेणार आहे आणि नंतर मोठी करून आणणार आहे. या वेळी फ्रेम वरच्या मजल्यावर लावायची, जिन्याच्या वळणावर, पाणी पोचणार नाही अशा उंचीवर.

अकरांतले आता सहा येणार. काकांनी मला नावं वाचून दाखवली तेव्हा प्रत्येक नावानंतर थांबत होते. लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर, ट्रेनिंगला असताना, कोण कुणाच्या शेजारी झोपायचं तेही त्यांना आठवतं. मी लिहून घेतलंय, आलात की दाखवते.

जेवण झाल्यावर वेळ असला, तुम्ही थकला नसलात, तर लायन गेटकडे गाडी वळवू. विक्रांतच्या पोलादातून केलेलं स्मारक तिथे आहे, गाडीतूनही दिसतं. जायलाच हवं असं नाही. दादाने ती विक्रांतचं पोलाद वापरलेली बजाजची व्ही मोटरसायकल घेतली तेव्हा तुम्ही टाकीवर हात ठेवून म्हणाला होतात, "गार आहे गं." पन्नास अंश उष्णतेत चार-चार तासांचे वॉच केलेल्या माणसाला ते लोखंड हाताला गार लागल्यावर काय वाटलं असेल, ते मला तेव्हा कळलं नाही. म्हणून विचारते. नको वाटलं तर नुसती मान हलवा, मी ड्रायव्हरला सरळ घ्यायला सांगेन.

एवढं एकच अजून ठरवलेलं नाही. ठाण्याहून कुलाब्याला फ्रीवेने लवकर पोचतो, पण तो जहाजं तोडतात त्या दारूखान्याच्या बाजूने जातो, डाव्या हाताला. २०१४ मध्ये तिथे विक्रांतला तोडत होते तेव्हा तुम्ही टीव्ही बंद करायला लावायचात. मी गेल्या रविवारी मुद्दाम त्याच रस्त्याने गेले. आता तिथे तिचं काही दिसत नाही. तरी मनाला नको असेल तर दादरवरून जाऊ, अर्धा तास आधी निघू, मला काही त्रास नाही. बाबा, हे तुम्ही ठरवा. आईला सांगा आणि तिला मला फोन करायला लावा, म्हणजे मी ड्रायव्हरला कळवते.

तुमची,
धाकटी